अखंडांक आणि अठरा तासांचं घड्याळ

मंडळी, गर्दी कशाला म्हणतात ते मला विचारा. उभी हयात मी गाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून काढली. सुटीच्या हंगामात छपरापर्यंत भरलेले डबे पाहिले. पण आमच्या स्टेशनामागच्या कामगार कॅन्टीनमध्ये अखंडस्वामी आले तेव्हा जी गर्दी लोटली, तिची सर कशालाच नाही. श्वास घ्यायचा तर रांग लावावी लागत होती, आणि त्या रांगेतही लोक मध्येच घुसत होते. पुढच्या बाकावर एकाला शिंक आली, ती शेजारच्या तिघांनी वाटून घेतली. माझ्या खिशातला रुमाल कुणीतरी काढला, घाम पुसला आणि नीट घडी घालून परत ठेवला. मी म्हटलं, "राहू द्या हो, आता तुमचाच." तर म्हणतो कसा, "नको, माझा यांच्या खिशात आहे."

समोर जेवणाची दोन टेबलं जोडून व्यासपीठ केलं होतं. त्यावर माणसाच्या उंचीचं प्लायवूडचं चाक. चाकाच्या कडेनं अठरा आकडे रंगवलेले आणि प्रत्येक आकड्यावर एक दिवा, वर खुणेचा एक बाण. शून्य, पाच, दोन, सहा, तीन, एक, पाच, सात, आठ. मग नऊ, चार, सात, तीन, सहा, आठ, चार, दोन, एक. की फिरून शून्य. शेजारी शाळेतून मागून आणलेला फळा. आणि चाकापुढे खुद्द स्वामी. पांढराशुभ्र सूट, पांढरे बूट, आणि आवाज असा मुलायम की वाटावं, कानात कुणी कोमट तेल सोडतंय.

"हा अखंडांक!" स्वामींनी चाकाला गदगदून मिठी मारली. "हा कुणी लिहिला नाही, हा आधीपासून होता! तुम्ही नव्हता, मी नव्हतो, काळ नव्हता, वेळापत्रक नव्हतं, तेव्हाही हा होता!"

वेळापत्रक नव्हतं, हे ऐकून रेल्वेची माणसं शहारलीच.

"याला गुणा! दुपटीनं गुणा, तिपटीनं गुणा! मोडत नाही, फुटत नाही! काढा मोबाइल, करून बघा!"

कॅन्टीनवाल्यानं मोबाइल काढला. अठरा आकडे काही त्यात मावेनात; शेवटी मध्येच एक इंग्रजी अक्षर उमटलं.

"बघा! यंत्रानं हात टेकले!"

कडकडून टाळ्या. त्याच मोबाइलच्या पडद्यावर कॅन्टीनवाल्याची सासूही पुरती मावत नसे, पण तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही.

मग रुळांचे सांधे बदलणाऱ्या एका पॉइंट्समनला वर बोलावलं. जन्म कितीचा? तर सकाळी आठचा. मिनिटं सोडून द्यायची. मिनिटं ही स्वामींच्या मते मोहमाया. पॉइंट्समननं जीभ बाहेर काढून, खडू मोडत, हातचे धरत अखंडांकाला आठानं गुणलं. तिकडे स्वामींनी डोळे मिटून चाक फिरवलं आणि एका बोटानं थांबवलं. फळ्यावर उत्तर आलं ४२१०५२६३१५७८९४७३६८. चाकावर बाणापासून वाचलं तर चार, दोन, एक, शून्य, पाच, दोन... शेवटपर्यंत तेच! तेच अठरा आकडे, त्याच क्रमानं, फक्त सुरुवात दुसरीकडून.

पॉइंट्समन ढसाढसा रडला. शाळेत त्याचा एकही गुणाकार बरोबर आला नव्हता, त्यामुळे चमत्कार नक्की कोणता यावर माझं मत वेगळं आहे.

"आता समोरासमोरचे आकडे बघा," स्वामी म्हणाले. "शून्यासमोर नऊ. पाचासमोर चार. दोनासमोर सात. कुठलीही जोडी घ्या, बेरीज नऊच! असा संसार तुमच्यापैकी कुणाचा आहे?"

"कुणाचाच नाही!" सगळं कॅन्टीन एका सुरात ओरडलं. त्यात बायकांचा सूर जरा वरचा होता.

इथपर्यंत मीही टाळ्या वाजवत होतो, उगाच खोटं कशाला बोलू? पण नंतर स्वामी हळूच मुद्द्यावर आले.

"आजार दुप्पट झाला? होऊ दे. तिप्पट झाला? होऊ दे. अंक तोच, अंग तेच! ज्याच्या जन्मतासानं गुणून अखंडांक शाबूत राहिला, त्याचं शरीरही शाबूत! मग गोळी कशाला? सुई कशाला? औषध घेणं म्हणजे अंकावर संशय घेणं!" आणि त्यांनी टेबलाखालून एक निळं पिंप पुढे ढकललं. "रविवारी सोहळा आहे. आपापली औषधं घेऊन या, आपापल्या तासानं गुणा, आणि या पिंपात मोकळे व्हा!"

बदल्यात काय, तर अठरा आकडे कोरलेलं एक कडं. ते मात्र फुकट नव्हतं.

आता माझी धाकटी बहीण. तिला सगळं गाव मैना म्हणतं, कारण स्टेशनवरच्या कर्ण्यातून गाड्यांची घोषणा तीच करते. तिचा आवाज ऐकून उशिरा येणाऱ्या गाड्यांना लाज वाटते, असं मी म्हणतो. ती म्हणते, दादा, गाड्यांना नाही वाटत. तिला लहानपणापासून साखरेचा आजार आहे, तोही असा की रोज जेवणाआधी इन्सुलिन टोचून घेतलं नाही तर काही दिवसांत जिवाशी गाठ. आणि हीच मैना मनगटात कडं घालून आमच्या स्वयंपाकघरात उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, रविवारी मी माझ्या सगळ्या कुप्या पिंपात टाकणार."

माझ्या हातातला चहा बशीत गेला, बशीतला लेंग्यावर.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का? डॉक्टरांनी किती वेळा बजावलंय!"

"डॉक्टर सांगतात. आकडा करून दाखवतो." ती टेबलाशी बसली. "मी घरी दार लावून स्वतः गुणलं रे. तीननं, पाचनं, अकरानं. दर वेळी तेच आकडे फिरून येतात. यात कुठं लबाडी आहे, तेवढं दाखव."

मला दाखवता येईना. मीही चोरून गुणलं होतं. कुणाला सांगू नका, पण सहानं गुणल्यावर माझ्याही अंगावर काटा आला होता.

"स्वतःच्या तासानं गुणून पाहिलंस?"

"तो स्वामींसमोरच गुणायचा. नियमच आहे." मग तिचा आवाज उतरला, कर्ण्यातला नाही, घरातला. "तुला काय कळणार दादा. रोज पोटावर नवी जागा शोधायची. ताट समोर आलं की आधी सुई आठवते. मला एकदा तरी जेवायच्या आधी नुसती भूक लागायला हवी आहे."

ती ड्यूटीला निघून गेली. मी तसाच बसून राहिलो. ओल्या लेंग्यासकट.

आमची ही संध्याकाळी शाळेतून आली. ती गणित शिकवते. अख्खं गाव तिच्या हाताखालून गेलंय. मिशावाले ड्रायव्हरसुद्धा ती समोर आली की तोंडातलं गिळून टाकतात. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "आणि गंमत म्हणजे ते खरंच होतंय गं."

"खरं होतंय म्हणून तर माणसं फसतायत," ती म्हणाली. "खोट्या आकड्याला मैना बधली नसती. जन्माचे तास कसे सांगतात?"

"आधी स्वामी नेहमीसारखेच विचारायचे, किती वाजता. पण इथली माणसं रेल्वेची, चोवीस तासांनी वेळ मोजणारी. एकानं सांगितलं, पंधरा. स्वामी जरा चपापले, ओठांत पुटपुटले, मग म्हणाले, चालेल."

"पंधरा चालतात?"

"सोळा चालतात, सतरा चालतात, अठराही चालतात. अठराच्या पुढच्यांनी मात्र बारा वजा करायचे. सूर्य मावळला की मोठे आकडे निजतात म्हणे."

ही थांबली. हातातली पिशवी तशीच. "अहो, बारा तासांचं घड्याळ मी ऐकलंय. चोवीस तासांचं ऐकलंय. हे अठरा तासांचं कुठल्या दुकानात मिळतं?"

तिनं माझ्यापुढचं वर्तमानपत्र ओढलं, कडेच्या कोऱ्या पट्टीवर पेन्सिलीनं काहीतरी गुणायला लागली, आणि अर्ध्यातच अशी हसत सुटली की मांडणीतले पेले नाचले. शेजारचं मांजर भिंतीवरून उडी मारून गेलं ते अजून आलेलं नाही.

"काय झालं?"

"मैनाचा जन्म कितीचा?"

"एकोणीस. संध्याकाळची पॅसेंजर सुटली तेव्हाच तर—"

"बस्स!" तिनं डोळे पुसले.

"अगं मग चल, तिला आत्ताच जाऊन सांगू!"

"मी सांगितलं तर म्हणेल, वहिनीच्या अंगात खडू आलाय. तिनं स्वतः गुणलं म्हणून विश्वास बसला. मोडायचा तर तिनंच गुणून मोडायला हवा. रविवारी बघू."

"आणि ती गप्प राहिली तर?"

"चुकीची वेळ ऐकून? मैना? तुमची सख्खी बहीण आहे, पण ओळखत नाही तुम्ही तिला. आणि तरीही गप्प राहिलीच, तर मी आहे. पिंपात बसेन मी, पण एक कुपी पडू देणार नाही."

रविवार उजाडला. कॅन्टीनमध्ये पहिल्यापेक्षा दुप्पट माणसं. अखंडांकाप्रमाणे गर्दीचंही होतं. दुप्पट झाली तरी माणसं तीच. जो तो पिशव्या घेऊन आलेला. रक्तदाबाच्या गोळ्या, दम्याचे पंप, डोळ्यांचे थेंब. एक आजोबा तर कवळी घेऊन आले होते. मी म्हटलं, "अहो, हे औषध नाही." ते म्हणाले, "माहीत आहे. पण टोचते."

स्वामींनी पहिला मान मैनाला दिला. बेरकी माणूस! स्टेशनची मैना सुई टाकते म्हटल्यावर बाकीचे मागे राहणार थोडेच? ती टेबलावर चढली, कुप्यांचा डबा छातीशी धरून. हिनं माझा दंड पकडला होता, मला आधार म्हणून की स्वतःला, ते मी विचारलं नाही.

स्वामींच्या एका चेल्यानं माइक हातात घेऊन आरोळी ठोकली, "मैनाताई! जन्मतास, सात!"

मैनाचा चेहरा बदलला. कर्ण्यात कुणी खोटी गाडी सोडावी तसा.

"सात नाही," ती म्हणाली. "एकोणीस."

"तेच ते, ताई. बारा वजा करायचे ना? नियम आहे."

"नियम ठाऊक आहे मला. पण एकोणीसला मी सात म्हणणार नाही. या स्टेशनवर मी तसं एकदा म्हटलं ना, तर माणसं बोजे घेऊन बारा तास आधी येतील आणि बाकावर बसून माझ्या नावानं बोटं मोडतील. आण तो खडू."

कॅन्टीनमध्ये जल्लोष झाला! रेल्वेची माणसं ती, वेळेच्या बाबतीत कुणाचं ऐकून घेतात होय? "एकोणीस! एकोणीस!" बाकं बडवली गेली. ड्रायव्हर, खलाशी, तिकीटवाले सगळे ओरडायला लागले. स्वामी दोन्ही हात वर करून म्हणाले, "सूर्य मावळल्यावर अंक निजतो हो!" तर मागून कुणीतरी ओरडलं, "मग उठवा त्याला! आम्ही रात्रपाळी करतो ते?"

मैनानं गुणायला सुरुवात केली. "एकोणीस एके एकोणीस. नऊ, हातचा एक. एकोणीस दुणे अडतीस नि एक एकोणचाळीस. नऊ, हातचे तीन. एकोणीस चोक शहात्तर नि तीन एकोणऐंशी. नऊ..." तिचा हात मंदावला. "नऊ. पुन्हा नऊ." उजवीकडून डावीकडे फळाभर नऊच नऊ उतरत गेले. अठराच्या अठरा. ना पाच, ना दोन, ना सहा. स्वामी चाक फिरवायचंच विसरले. फिरवून तरी कुठं थांबवणार? चाकावर एकच तर नऊ.

मी हिच्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. आणि तेवढ्यात स्वामी कडाडले, "नऊ म्हणजे पूर्ण! महापूर्ण! हिला साक्षात पूर्णांक प्रसन्न झाला!"

आणि काय सांगू मंडळी, पब्लिकनं छत उडवलं! पहिल्यापेक्षा दसपट टाळ्या. पॉइंट्समन पुन्हा रडला. आजोबांनी कवळी हवेत उडवली आणि झेललीसुद्धा. मी कपाळाला हात लावला. सत्य समोर येऊन उभं राहिलं आणि लोकांनी त्यालाच हार घातला!

पण मैना टाळ्या वाजवत नव्हती. फळ्याकडे बघत होती.

"स्वामी," ती म्हणाली, आणि तो आवाज कर्ण्यावरचा होता, गोंगाट चिरून जाणारा. "तुम्ही म्हणालात, आकडा शाबूत राहिला तर शरीर शाबूत. माझा पाच कुठं गेला? माझा दोन कुठं आहे?"

"विलीन झाले, बाळ."

"म्हणजे बाकीचे सगळे शाबूत आणि मी एकटी विलीन?"

स्वामींच्या आवाजातलं तेल आटलं आणि ते चाकाच्या आड सरकले. मैनानं कुप्यांचा डबा घट्ट आवळला.

आता ही उठली. "बसून घ्या रे सगळे," एवढंच म्हणाली. अर्धं कॅन्टीन सवयीनं बसलं, उरलेल्या अर्ध्यानं हाताची घडी घातली.

"अठरा जण पुढे या. गोल करा. मैना, तू पहिली. तुझा आकडा एक. तुझ्या डावीकडच्यानं तुझी दुप्पट करायची, त्याच्या डावीकडच्यानं त्याची दुप्पट. उत्तर दहा किंवा त्याच्या वर गेलं तर एकम स्वतःजवळ ठेवायचा आणि हातचा म्हणून हे निशाण पुढच्याला द्यायचं." तिनं कोपऱ्यातलं हिरवं निशाण उचललं. "निशाण ज्याला मिळेल त्यानं आपल्या दुपटीत एक मिळवायचा. कळलं?"

"हो बाई!" मिशावाले म्हणाले.

"एक!" मैना. "दोन!" कॅन्टीनवाला. "चार!" "आठ!" पाचव्या जागेवरच्या ड्रायव्हरनं डोकं खाजवलं. "सोळा. सहा माझे, हे घे निशाण." पुढचा पॉइंट्समन. "सहा दुणे बारा नि एक तेरा... तीन माझे! निशाण घ्या!" "सात!" "चौदा, चार माझे!" "नऊ!" "अठरा, आठ!" निशाण गोलभर पळायला लागलं. "सतरा, सात!" "पंधरा, पाच!" "अकरा, एक!" "तीन!" "सहा!" "बारा, दोन!" "पाच!" शेवटचे कवळीवाले आजोबा. "दहा. शून्य माझं." आणि त्यांनी मैनाच्या हातात निशाण दिलं.

"शून्याची दुप्पट शून्य, नि निशाणाचा एक," मैना म्हणाली. "एक. अगं बाई! हा तर माझाच आकडा. पुन्हा पहिल्यापासून!"

"आता आजोबांपासून उलटे म्हणा."

"शून्य! पाच! दोन! सहा! तीन! एक!" एकेक जण ओरडत गेला. गोल पुरा होईतो कॅन्टीनमधली भांडी टणत्कार करायला लागली होती. अठरा माणसांनी, चहा निवायच्या आत, काळाच्याही आधीचा अखंडांक बनवला होता. कवळीसकट!

"हे काय आहे ते सांगते," ही म्हणाली. "एकला एकोणीसनं भागा. भाग पुरा जातच नाही. बाकी उरते, तिला शून्य जोडून पुन्हा भागायचं, पुन्हा बाकी. एकोणीसनं भागताना बाकी एक ते अठरा यांच्यातलीच असणार. त्या अठराही बाक्या एकेकदा येऊन जातात, आणि पहिली पुन्हा आली की सगळं पहिल्यासारखं सुरू. म्हणून अठरा आकडे. समजा, गोल मार्गावरची गाडी आहे नि तिची अठरा स्टेशनं आहेत. दोननं गुणलं म्हणजे काय केलं? एकऐवजी दोनला एकोणीसनं भागलं. म्हणजे दुसऱ्या स्टेशनवर चढलात. आठनं गुणलंत, तिसऱ्याच स्टेशनवर चढलात. स्टेशनं तीच, क्रम तोच. अठरापर्यंत कितीनंही गुणा, गाडी तीच."

"आणि एकोणीस?" मैनानं विचारलं.

"एकोणीसला एकोणीसनं भाग. बाकी काही उरतच नाही. गाडी शेडमध्ये गेली! उत्तर पुरं एक, आणि तेच दशांशात लांबवलं तर शून्य पूर्णांक नऊ, नऊ, नऊ... म्हणून नुसते नऊ. ते स्वामींना ठाऊक होतं. त्यांनी सोयीसाठी घड्याळच कापलं, अठरावर." ती चाकाकडे वळली. "याला भावंडंही आहेत. एकला सातनं भागून बघा, सहा आकड्यांचं पिल्लू मिळेल. सतरानं भागा, सोळांचं. घरी करून बघा. उद्या तपासणार आहे."

स्वामी चाकाच्या आडून पुढे आले. सुटाला खडू लागला होता. "पण बाई," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच माणसासारखे बोलले, "आकडा सुंदर आहे की नाही?"

"फार सुंदर आहे," ही म्हणाली. "मला तर पहिल्यांदा भेटला तेव्हा दोन दिवस जेवण सुचलं नव्हतं. त्याच्यात खोट नाही. पण त्याला मैना ठाऊक नाही, तिची साखर ठाऊक नाही. तो फक्त एकोणीसला ओळखतो. तुम्ही त्याच्या तोंडी नको ते घातलंत."

एवढं होईतो दुसराच गोंधळ उडाला. काही उत्साही मंडळींनी, आधी आपला नंबर लागावा म्हणून, औषधं अगोदरच पिंपात रिकामी केली होती. आता सगळे एकदम पिंपावर तुटून पडले. "माझा दम्याचा पंप!" "अहो, ही माझी थेंबांची बाटली!" "ती गुलाबी गोळी कुणाची?" "सोडा, माझी!" "तुमची? तुमची तर पांढरी होती!" पॉइंट्समन कमरेपर्यंत पिंपात, बाहेर नुसते बूट.

मैनानं चेल्याच्या हातून माइक हिसकावला.

"कृपया लक्ष द्या! रक्तदाबाच्या गोळ्या खिडकीपाशी! दम्याची मंडळी फळ्यापाशी! डोळ्यांचे थेंब चहाच्या टेबलापाशी! पाकिटावर नाव नसलेली एकही गोळी कुणी तोंडात घालू नये, डॉक्टर येईपर्यंत थांबावं! आणि पिंपातल्या प्रवाशांनी आधी बाहेर यावं!"

मंडळी, शप्पथ सांगतो, असं शिस्तीत काही आमच्या स्टेशनवर कधी झालं नव्हतं. कडीही परत गेली. चेल्यापुढे ढीग झाला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की आता पैसे परत करायची पाळी आपली आहे.

सगळं निवळल्यावर मैना आमच्या घरी आली. हिनं ताट वाढलं. मैनानं डबा उघडला, कुपी काढली, सिरिंज भरली, जरा वेळ हातात धरून बसली.

"वहिनी, खरं सांगू? मला वाटलं होतं, सुटेन एकदाची."

"माहीत आहे गं," ही म्हणाली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. "सुटका नाही देता येत मला. पण टोचताना सोबत बसते."

मैनानं टोचून घेतलं. मग वहिनीच्या खांद्यावर डोकं टेकून खदखदून हसायला लागली. "विलीन म्हणे! मी!" तिचं हसणं ऐकून आम्हालाही हसू आवरेना, आणि ताटातलं गार होईतो आम्ही तिघं हसत होतो.

तर माझं सांगणं एवढंच. कुणी अचंबा दाखवला तर बघा, टाळ्याही वाजवा. जगात खरीखुरी नवलं पुष्कळ आहेत आणि ती बघायला तिकीट लागत नाही. पण त्या नवलाच्या आडून कुणी तुमच्या औषधाच्या डब्याला हात घालायला लागला, की तो सांगेल त्या आकड्यानं गुणू नका. उभे राहा आणि मोठ्यानं विचारा, "आता एक आकडा मी देऊ का?" आणि औषधाबद्दलचा प्रश्न डॉक्टरला विचारा. तोही चुकू शकतो, पण त्याला उलट प्रश्न विचारता येतो. ज्याला उलट प्रश्न चालत नाही, त्याच्यापाशी उत्तरही नसतं.

एवढं बोलून मी थांबतो. एक भागिले तेवीस केव्हाचं अर्धवट राहिलंय, आणि ही तपासायला येतेय.